हजारभर पीडीएफ झोटेरोत आणायच्या आहेत: नोंदी अर्धवट, चुकीच्या आणि दुहेरी होताहेत

उंबर४२

नमस्कार मंडळी,

प्रबंधासाठी जमवलेलं सगळं साहित्य एकाच ठिकाणी, झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणायचं आहे. आवृत्ती ७, विंडोज. हाताशी काय आहे ते सांगतो:

१. एका फोल्डरमध्ये सुमारे १,२०० पीडीएफ. निम्म्यांची नावं प्रकाशकाच्या साइटवरून जशी आली तशीच, म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ. बाकीच्यांची "पेपर फायनल २" छापाची.
२. मेंडेली या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला जुना संग्रह, ४०० च्या आसपास नोंदी. त्यातल्या बऱ्याच पीडीएफ वरच्या फोल्डरमध्येही आहेत.
३. एक एक्सेल तक्ता: शीर्षक, लेखक, वर्ष आणि काही ओळींपुढे डीओआय (निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक).
४. वर्डमध्ये हाताने टाइप केलेली एक संदर्भसूची.

थोड्या पीडीएफ ओढून टाकून पाहिल्या. काहींच्या नोंदी आपोआप तयार झाल्या, काही नुसत्या पीडीएफ म्हणून पडून राहिल्या आणि काहींना भलत्याच निबंधाची माहिती चिकटली. त्यातच ऑनलाइन जागा संपल्याचा संदेशही आला. सगळं एकदम ओतण्याआधी विचारतो: कुठून सुरुवात करू? चुकीच्या नोंदी कशामुळे होतात? आणि मराठी-हिंदीतले काही स्कॅन केलेले लेख आहेत, त्यांचं काय करायचं?

---

बोरू

आधी तयारी, कारण ती कोणी करत नाही.

"एडिट" मधून "सेटिंग्ज" उघडा आणि "सिंक" मधली आपोआप सिंक होण्याची खूण काढा. मोठी आयात चालू असताना सिंक नको. गोंधळ झालाच तर तो सर्व्हरवर आणि तिथून दुसऱ्या संगणकावर पोचतो. मग "अ‍ॅडव्हान्स्ड" मधून डेटा डिरेक्टरी उघडून पाहा. बहुधा तुमच्या यूजर फोल्डरमध्येच "झोटेरो" नावाने असेल. आत झोटेरो.एसक्यूलाइट ही फाइल आणि "स्टोरेज" हा फोल्डर दिसेल. झोटेरो पूर्ण बंद करून हा अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. आयात बिनसली तर हीच प्रत परत ठेवायची, बाकी काही करावं लागत नाही. आणि हा फोल्डर ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हमध्ये ठेवू नका. झोटेरो डेटाबेसमध्ये लिहीत असतानाच ती सेवा तो उचलते आणि फाइल बिघडते.

आता चुकीच्या नोंदींचं कारण. पीडीएफ ओढून टाकली की झोटेरो तिच्या पहिल्या काही पानांवरचा मजकूर वाचतो आणि आपल्या सर्व्हरकडे पाठवतो. त्या मजकुरात डीओआय, आयएसबीएन किंवा आर्काइव्ह (arXiv) या प्रकाशनाआधीच्या मसुद्यांच्या संग्रहस्थळाचा क्रमांक सापडतो का, नाही तर शीर्षकावरून निबंध ओळखता येतो का, हे पाहिलं जातं. ओळख पटली की तपशील क्रॉसरेफसारख्या डीओआयच्या नोंदवहीतून येतो. म्हणजे लेखक, खंड, पृष्ठं ही माहिती पीडीएफमधून काढलेली नसते. पीडीएफचं काम फक्त ओळख पटवण्यापुरतं. फाइलच्या नावाचा यात फारसा संबंध नाही, त्यामुळे "पेपर फायनल २" ची चिंता सोडा.

हे लक्षात आलं की फसण्याच्या जागा आपोआप दिसतात:

पानं नुसती चित्रं असतील तर वाचायला मजकूरच नाही. पीडीएफ उघडून एखादं वाक्य माउसने निवडता येतं का पाहा. येत नसेल तर हेच कारण.

निबंध जुना असेल तर पानावर डीओआय छापलेला नसतो. क्रॉसरेफ सुरू झालं २००० साली. त्यानंतर अनेक प्रकाशकांनी जुन्या अंकांनाही डीओआय दिले, पण तुमच्याकडची स्कॅन प्रत त्याआधीच्या छापील अंकाची. अशा वेळी क्रॉसरेफच्या शोधपानावर शीर्षक टाका, डीओआय मिळवा, झोटेरोत त्या पीडीएफवर राइट-क्लिक करून "क्रिएट पॅरेंट आयटम" निवडा आणि डीओआय चिकटवा. नोंद तयार होते आणि पीडीएफ तिच्याखाली जाते.

भलतीच माहिती चिकटते तेव्हा पहिल्या पानावर दुसऱ्याच निबंधाचा डीओआय असतो. पत्र, प्रतिक्रिया, शुद्धिपत्र या प्रकारांत हे सर्रास घडतं. ज्या निबंधाला उत्तर दिलंय त्याचाच डीओआय वर ठळक छापलेला असतो. पुरवणी साहित्याची पीडीएफ असेल तर ती मूळ निबंध म्हणूनच ओळखली जाते आणि एकाच निबंधाच्या दोन नोंदी होतात. परिषदेचा अख्खा खंड एका फाइलीत असेल तर सुरुवातीच्या पानांवरून कसलीही नोंद बनू शकते. काही संग्रहस्थळं स्वतःचं मुखपृष्ठ जोडतात, तेही त्रासदायक. नोंद ताजी असेल तर राइट-क्लिकमध्ये "अनडू रिट्रीव्ह मेटाडेटा" मिळतं. ते दाबा आणि वर सांगितल्याप्रमाणे योग्य डीओआय द्या. पुरवणी असेल तर तिची वेगळी नोंद ठेवूच नका, ती पीडीएफ मूळ निबंधाच्या ओळीवर ओढून तिथेच जोडा.

क्रमाबद्दल माझं मत: माहिती जिथे सगळ्यांत स्वच्छ आहे तिथून सुरुवात. आधी मेंडेली, मग एक्सेलमधले डीओआय, मग पीडीएफ, शेवटी वर्डची यादी. पीडीएफ पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांनी टाका. सर्व्हर इतकंच सोसतो म्हणून नव्हे, पन्नास नोंदींवरून माणसाची नजर फिरते म्हणून. आयातीसाठी "तपासायचे" नावाचं एक कलेक्शन (झोटेरोतला फोल्डर) करा आणि तपासून झालेली नोंदच तिथून हलवा. तपासायचं काय? नोंदीचा प्रकार, लेखकांची नावं, वर्ष, नियतकालिकाचं नाव, खंड-अंक-पृष्ठं आणि डीओआय. सारांश, टॅग वगैरेंकडे पाहत बसू नका.

---

तळटीप

बोरू यांचं पटलं, एक सोडून. एक्सेल पीडीएफच्या आधी नको.

तक्त्यातले बरेचसे निबंध पीडीएफच्या फोल्डरमध्ये असणारच. आधी डीओआयवरून नोंदी केल्या आणि मग पीडीएफ ओढल्या तर झोटेरो त्या पीडीएफसाठी नवी नोंद बनवतो, आधीच्या नोंदीला जोडत नाही. मग शेकडो जोड्या विलीन करत बसा. उलट मेंडेली आणि पीडीएफ आधी होऊ द्या. नंतर पूर्ण लायब्ररी निवडून राइट-क्लिक, "एक्सपोर्ट आयटम्स", प्रकार सीएसव्ही. त्या फाइलीत डीओआयचा स्वतंत्र स्तंभ असतो. तो तुमच्या तक्त्याशेजारी आणा, एक्सेलचं काउंटइफ सूत्र (तो डीओआय दुसऱ्या स्तंभात किती वेळा आहे ते मोजणारं) लावा आणि शून्य येईल तेवढेच डीओआय नव्याने घ्या.

तुलनेआधी दोन्हीकडचे डीओआय एकसारखे करून घ्या. तक्त्यात काही ठिकाणी पूर्ण दुवा असतो, काही ठिकाणी "डीओआय:" असं लिहिलेलं, काही ठिकाणी मागे रिकामी जागा. फाइंड-रिप्लेसने पुढचा भाग काढा, ट्रिम चालवा. लहान-मोठ्या अक्षरांची काळजी नको. डीओआयमध्ये तो भेद नसतो आणि काउंटइफही तो मानत नाही. पीडीएफमधून कॉपी केलेल्या डीओआयच्या शेवटी वाक्याचा पूर्णविराम चिकटलेला असतो किंवा ओळ तुटल्यामुळे मध्ये जागा पडते. "डीओआय चालत नाही" अशा तक्रारींपैकी निम्म्या याच निघतात. शंका आली तर डीओआय डॉट ऑर्गच्या पत्त्यापुढे लावून ब्राउझरमध्ये उघडून पाहा. तिथे उघडला नाही तर झोटेरोतही उघडणार नाही.

उरलेले डीओआय एकेक टाकू नका. जादूच्या कांडीचं चिन्ह, म्हणजे "अ‍ॅड आयटम बाय आयडेंटिफायर", दाबा. त्या चौकटीत शिफ्ट-एंटर दाबलं की ती मोठी होते. अख्खा स्तंभ चिकटवा, प्रत्येक ओळीवर एक. आयएसबीएन, पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या डेटाबेसमधला पीएमआयडी क्रमांक आणि आर्काइव्हचे क्रमांकही तिथेच चालतात, सरमिसळ असली तरी. मग त्या नोंदी निवडून "फाइंड फुल टेक्स्ट". जे निबंध मुक्त आहेत किंवा तुमच्या नेटवर्कवरून उघडतात त्यांच्या पीडीएफ तो स्वतः आणतो.

डीओआय नसलेल्या नोंदी शोधायला एक जतन केलेला शोध करून ठेवा: नोंदीचा प्रकार "जर्नल आर्टिकल" आणि डीओआयमध्ये "१०." नाही. प्रत्येक डीओआय दहाच्या आकड्याने सुरू होतो म्हणून ही युक्ती चालते. आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करा. ही यादी आपोआप ताजी होत राहते. एक जास्तीचा फायदा: मागे घेतलेल्या निबंधांवर झोटेरो लाल इशारा दाखवतो, पण त्यासाठी नोंदीत डीओआय किंवा पीएमआयडी असावा लागतो. डीओआय नसेल तर मागे घेतलेला निबंध तुमच्या संदर्भसूचीत निवांत बसून राहील.

वर्डच्या यादीसाठी दोन रस्ते. क्रॉसरेफचं "सिंपल टेक्स्ट क्वेरी" नावाचं पान आहे, तिथे यादी चिकटवली की जुळणाऱ्या संदर्भांपुढे डीओआय मिळतात. ते परत कांडीत टाका. जे जुळत नाहीत त्यांच्यासाठी एनीस्टाइल. ते ओळीचे तुकडे पाडून लेखक, वर्ष, शीर्षक वेगळं करतं आणि बिबटेक या संदर्भांच्या फाइल-प्रकारात देतं. मात्र त्याचं उत्पादन डोळे मिटून घेऊ नका, पुस्तकातल्या प्रकरणांचे संपादक आणि लेखक ते हमखास मिसळतं.

---

पुरवणी

यापुढे नवीन साहित्य कसं घ्यायचं तेही इथेच सांगतो, नाही तर वर्षभरात हाच ढीग परत साचेल.

पीडीएफ उतरवून मग ओढणं हा वळसा आहे. ब्राउझरमध्ये झोटेरो कनेक्टर टाका आणि निबंधाच्या पानावरूनच घ्या. चिन्ह कागदाचं दिसलं तर एक निबंध, फोल्डरचं दिसलं तर यादी. चिन्ह नुसत्या वेब पानाचं दिसत असेल तर थांबा: त्या पानावर निबंधाची माहिती ओळखता आलेली नाही आणि दाबलंत तर "वेबपेज" प्रकारची निरुपयोगी नोंद होईल. पीडीएफच थेट उघडलेल्या टॅबवरूनही घेऊ नका. निबंधाच्या सारांशाच्या पानावर या, माहिती तिथे असते.

मोठे शोध असतील तर डेटाबेसमधून फाइल उतरवा. पबमेडमध्ये "सेंड टू" खाली "सायटेशन मॅनेजर" निवडलं की एनबीआयबी फाइल मिळते. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधून आरआयएस (संदर्भांचा आणखी एक फाइल-प्रकार) घ्या. दुसऱ्यात एका वेळी किती नोंदी निघतात याला मर्यादा आहे, तेव्हा मोठा शोध तुकड्यांनी उतरवा आणि फाइलींना "१ ते ५००", "५०१ ते १०००" अशी नावं द्या. मधला तुकडा राहून गेला तर नंतर कळतही नाही. आयातीनंतर कलेक्शनमधल्या नोंदींचा आकडा आणि शोधाचा आकडा ताडून पाहायचाच.

गूगल स्कॉलर शोधायला उत्तम, नोंदी घ्यायला वाईट. त्याच्या बिबटेकमध्ये डीओआय नसतो, सारांश नसतो. शिवाय भराभर नोंदी घेतल्या की ते तुम्हाला यंत्र समजून अडवतं. मग ब्राउझरमध्ये स्कॉलर उघडून कॅप्चा सोडवावा लागतो, कधी थोडा वेळ वाट पाहावी लागते. निबंध तिथे सापडला की शीर्षकावर टिचकी मारून प्रकाशकाच्या पानावर जा आणि तिथून घ्या.

आरआयएस फाइल "आयात झाली पण एकच नोंद आली" असं झालं तर ती नोटपॅडमध्ये उघडा. साधा मजकूर असतो. प्रत्येक नोंद टीवाय या खुणेच्या ओळीने सुरू व्हायला हवी आणि ईआरच्या ओळीने संपायला हवी. खुणेनंतर दोन रिकाम्या जागा, आडवी रेघ, एक रिकामी जागा. ईआर गायब असेल तर पुढची नोंद आधीच्यात मिसळते. लेखक प्रत्येकी वेगळ्या एयू ओळीवर, "आडनाव, नाव" असे हवेत. सगळे एकाच ओळीत अर्धविरामांनी जोडले असतील तर झोटेरोत सहा जणांचा मिळून एकच लेखक तयार होतो. स्वरचिन्हं असलेल्या युरोपीय नावांत चौकोन किंवा कचरा दिसला तर फाइल यूटीएफ-८ नाही. नोटपॅडमध्ये "सेव्ह अ‍ॅज" करून एन्कोडिंग बदला आणि पुन्हा आयात करा.

बिबटेकची दुखणी वेगळी. लेखकांमध्ये स्वल्पविराम नव्हे, "अँड" हा शब्द लागतो. संस्थेचं नाव लेखक म्हणून असेल तर ते दुहेरी महिरपी कंसांत हवं, नाही तर शेवटचा शब्द आडनाव होतो. एखाद्या फील्डनंतरचा स्वल्पविराम किंवा बंद होणारा कंस राहिला तर तिथून पुढचा भाग गळतो. झोटेरोतही संस्थेच्या नावापुढच्या छोट्या बटणाने ते एकाच खान्यात आणता येतं.

आयातीच्या खिडकीत "नवीन कलेक्शनमध्ये ठेवा" ही खूण राहू द्या. चुकीची फाइल आत गेली तर कलेक्शन आतल्या नोंदींसकट काढता येतं. ती खूण नसेल तर हजार नोंदींतून चाळत बसायचं.

---

कंसातला_मजकूर

स्कॅन आणि देवनागरीबद्दल.

दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं. पहिला, पान म्हणजे नुसतं चित्र. त्यावर ओसीआरमायपीडीएफ चालवा; ते चित्रातली अक्षरं ओळखून (ओसीआर) निवडता येणारा मजकूर घालतं. ते आतून टेसरॅक्ट वापरतं; मराठी आणि हिंदीची भाषा-फाइल वेगळी बसवावी लागते, नाही तर देवनागरी पानातून रोमन अक्षरांचा चिवडा निघतो. भाषा देताना मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही अधिकचं चिन्ह घालून द्या, कारण अशा लेखांत तळटिपा इंग्रजीत असतात. स्कॅन ३०० डीपीआयपेक्षा कमी असेल तर जोडाक्षरं आणि अनुस्वार हुकतात.

दुसरा आजार फसवा. पान पडद्यावर व्यवस्थित दिसतं, मजकूर निवडताही येतो, पण कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात. युनिकोडच्या आधीचे फॉन्ट: रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरी अक्षराचा आकार बसवलेला. संगणकाच्या दृष्टीने तिथे मजकूर आहेच, म्हणून ओसीआरमायपीडीएफला "मजकूर असलेली पानं सोड" हा पर्याय दिला तर ते नेमकी हीच पानं सोडून देतं. इथे "फोर्स ओसीआर" लागतो. तो पानाचं चित्र करून जुना मजकूर फेकतो आणि नवा थर घालतो. फाइल फुगते, इलाज नाही.

दोन्ही बाबतींत एक अपेक्षा मात्र ठेवू नका: ओसीआर केल्याने नोंद आपोआप होणार नाही. या लेखांपैकी बहुतेकांना डीओआयच नाही. नोंद हातानेच करायची. ओसीआरचा उपयोग आतला मजकूर शोधण्यासाठी. आधीच झोटेरोत असलेली फाइल बदलायची असेल तर "शो फाइल" करून त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाने नवी फाइल ठेवा, मग राइट-क्लिक करून "रीइंडेक्स". झोटेरो मुळात पीडीएफची पहिली १०० पानंच शोधासाठी वाचतो. अख्खा प्रबंध किंवा ग्रंथ असेल तर सेटिंग्जमधल्या शोधाच्या भागात ही मर्यादा वाढवा.

हाताने नोंद करताना आडनाव आणि नाव दोन खान्यांत नीट भरा, "डॉ." किंवा "प्रा." नावात घालू नका. भाषेच्या खान्यात मराठीचा संकेत भरा. मिश्र यादीत देवनागरी नावं रोमन नावांच्या खाली एकत्र येतात, आणि "व इतर" हे शब्द प्रत्येक नोंदीच्या भाषेप्रमाणे बदलत नाहीत, पूर्ण दस्तऐवजासाठी निवडलेल्या भाषेप्रमाणे येतात. मार्गदर्शकांना ते चालतं का, आधीच विचारून घ्या.

---

उंबर४२

खूपच उपयोगी, आभार. तळटीप यांच्या क्रमाने जातो. अजून तीन शंका. मेंडेलीतून आणताना फाइल काढायची की थेट? प्रबंधाची दोन प्रकरणं मेंडेलीची अवतरणं (सायटेशन) टाकून वर्डमध्ये लिहिलेली आहेत, ती मोडतील का? आणि गटातल्या एकाकडे एंडनोट हे असंच तिसरं सॉफ्टवेअर आहे, त्यांची लायब्ररी पीडीएफसकट घ्यायची आहे.

---

बोरू

मेंडेलीतून फाइल काढू नका. आरआयएस किंवा बिबटेकमध्ये फोल्डरांची रचना आणि पीडीएफवरच्या खुणा येत नाहीत. मेंडेलीत आधी सगळं सिंक होऊ द्या, पीडीएफसकट. मग झोटेरोत "फाइल", "इम्पोर्ट", मेंडेलीचा पर्याय, आणि तुमच्या मेंडेली खात्याने लॉगिन. झोटेरो मेंडेलीच्या सर्व्हरवरून उचलतो, म्हणजे जे तिथे पोचलेलं नाही ते येणार नाही. जुन्या मेंडेली डेस्कटॉपचा स्थानिक डेटाबेस थेट वाचण्याचा मार्ग आवृत्ती १.१९ पासून त्यांनी तो कूटबद्ध केल्यामुळे बंद झाला.

वर्डची प्रकरणं: अवतरणं जुन्या मेंडेली डेस्कटॉपच्या प्लगइनने टाकलेली असतील तर झोटेरो ती ओळखतो, फक्त आयात वरच्या पद्धतीनेच झालेली हवी. "मेंडेली साइट" (Mendeley Cite) या नव्या प्लगइनने टाकलेली असतील तर ती पुन्हा घालण्याची तयारी ठेवा. कसंही असो, प्रकरणाची प्रत करून प्रतीवर प्रयोग करा आणि एकाच फाइलीत दोन्ही प्लगइन आलटून पालटून वापरू नका.

---

तळटीप

एंडनोट: "फाइल", "एक्सपोर्ट", प्रकार एक्सएमएल. गोम साठवण्याच्या जागेत आहे. एंडनोटच्या लायब्ररीशेजारी त्याच नावाचा आणि शेवटी "डेटा" असलेला फोल्डर असतो, त्याच्या आत "पीडीएफ" नावाचा फोल्डर. एक्सएमएल फाइल त्या डेटा फोल्डरमध्ये, पीडीएफ फोल्डरच्या शेजारी ठेवा आणि तिथूनच झोटेरोत आयात करा. एक्सएमएलमध्ये पीडीएफचे फक्त सापेक्ष पत्ते असतात. फाइल डेस्कटॉपवर ठेवून आयात केली तर नोंदी येतात, पीडीएफ येत नाहीत. त्यांनी तुम्हाला डेटा फोल्डरसकट सगळं द्यायला हवं, नुसती एक्सएमएल नको.

त्यांच्याकडे संस्थांच्या नावांच्या शेवटी एक स्वल्पविराम दिसेल. एंडनोटमध्ये नाव तुटू नये म्हणून तो मुद्दाम घालतात. आयातीनंतर तेवढ्या नोंदी बघून घ्या.

जागेबद्दल कोणी बोललं नाही. ३०० एमबीची मोफत मर्यादा फक्त जोडलेल्या फाइलींना आहे, नोंदींच्या सिंकला मर्यादा नाही. तेव्हा सिंकच्या सेटिंग्जमध्ये फाइलींचं सिंक बंद करा, नोंदींचं चालू ठेवा; संदेश थांबेल. पीडीएफ दोन संगणकांवर हव्या असतील तर वेबडॅव्ह (इंटरनेटवरून फाइली ठेवण्या-आणण्याची पद्धत) देणारी कुठलीही सेवा जोडा, पण ती फक्त वैयक्तिक लायब्ररीला चालते, गटाच्या लायब्ररीला नाही. तिसरा मार्ग जोडदुव्यांचा: पीडीएफ तुमच्या फोल्डरमध्येच राहतात, झोटेरोत फक्त पत्ता. झॉटमूव्ह हे प्लगइन त्यासाठी वापरतात. "लिंक्ड अटॅचमेंट बेस डिरेक्टरी" सुरुवातीलाच ठरवा, नाही तर फोल्डर हलवला की सगळे दुवे तुटतात. दुव्याच्या फाइलीही गटात जात नाहीत.

---

पुरवणी

आता दुहेरी नोंदी. सगळी आयात संपेपर्यंत हात लावू नका, मग "डुप्लिकेट आयटम्स" उघडा. एक ओळ निवडली की तिच्या जोडीदार नोंदीही निवडल्या जातात आणि उजवीकडे "मर्ज" चं बटण येतं. कुठली नोंद मुख्य ठेवायची ते निवडा. जिथे दोघींत फरक आहे त्या खान्यापुढच्या छोट्या चिन्हाने दुसरीतली माहिती घेता येते. पीडीएफ, टीपा, टॅग, कलेक्शन दोन्हींचे टिकतात.

जास्तीची नोंद थेट डिलीट करू नका. तीच वर्डमध्ये अवतरलेली असेल तर दुवा तुटतो आणि पुढच्या रिफ्रेशला ते अवतरण अनाथ राहतं. मर्ज केलं तर जुना दुवा नव्या नोंदीकडे वळतो. मर्जचं बटण येत नसेल तर दोन्हींचे प्रकार वेगळे आहेत, उदाहरणार्थ एक "प्रीप्रिंट" (प्रकाशनाआधीचा मसुदा), एक "जर्नल आर्टिकल". आर्काइव्हवरून घेतलेल्या पीडीएफचं हे नेहमीचं. तुम्ही प्रकाशित आवृत्ती वाचून अवतरत असाल तर प्रीप्रिंटचा प्रकार बदलून मग विलीन करा. आशय बदललेला असेल तर दोन्ही वेगळ्याच राहू द्या.

"ऑनलाइन फर्स्ट" असताना घेतलेल्या नोंदींत खंड आणि पृष्ठं रिकामी असतात, आणि पुढे अंक छापून आला तरी झोटेरो ती स्वतःहून भरत नाही. सादर करण्याआधी खंड रिकामा असलेल्या नोंदी काढा, त्यांचे डीओआय पुन्हा कांडीत टाका आणि नवी नोंद मुख्य ठेवून जुनी तिच्यात विलीन करा. वर्षही बदललेलं असू शकतं, म्हणून कंसातली अवतरणं एकदा रिफ्रेश करा.

---

कंसातला_मजकूर

शीर्षकांचं एवढंच: क्रॉसरेफमधून जुन्या निबंधांची शीर्षकं पूर्ण मोठ्या अक्षरांत येतात. झोटेरोत शीर्षकावर राइट-क्लिक, "सेंटेन्स केस". मग विशेषनामं हाताने सुधारा, ती लहान होऊन बसतात. शीर्षकं सेंटेन्स केसमध्येच साठवा. शैलीला टायटल केस हवी असेल तर झोटेरो ती करून देतो, उलटं त्याला जमत नाही. प्रजातींची नावं तिरकी हवी असतील तर शीर्षकातच आय टॅग (<i> आणि </i>) घालावा लागतो, वर्डमध्ये तिरकी केलेली अक्षरं पुढच्या रिफ्रेशला जातात.